कार्तिकीचं वय

मिरजेच्या जनुकविज्ञान केंद्रातल्या पडद्यावर एका लहान मुलीच्या डाव्या हाताचा एक्स-रे उमटला, तेव्हा डॉ. रेश्मा शिकलगार यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी न पिताच बाजूला ठेवला.

“शिरीष, हिचं वय काय लिहिलंय?”

डॉ. शिरीष नाडगौडा केंद्रात नुकतेच रुजू झाले होते. त्यांनी नोंद पाहिली. “कार्तिकी चौगुले. चार वर्षं पूर्ण.”

“हा हात दोन वर्षांच्या मुलीचा आहे.”

मनगटातली छोटी हाडं जन्मतः मऊ कूर्चेची असतात आणि एक्स-रेत दिसत नाहीत. पुढे साधारण वर्षाला एक या हिशेबानं ती टणक होत जातात. म्हणून मनगटावरून मुलाचं वय सांगता येतं. कार्तिकीच्या मनगटात दोनच हाडं दिसत होती.

“नावांची अदलाबदल झाली असेल,” शिरीष म्हणाले आणि लगेच त्यांनी मान हलवली. “पण नाही. सकाळी मीच तिथे होतो. एक्स-रे होईपर्यंत तिनं माझं बोट सोडलं नव्हतं.”

रेश्मांनी बाकीचे अहवाल उघडले. टाळू भरायला तीन वर्षं लागली होती. पहिला दात आला तो पहिला वाढदिवस होऊन गेल्यावर. पहिलं पाऊल दुसऱ्या वाढदिवसानंतर. आता ती “आई पाणी”, “बाबा ये” अशी दोन-दोन शब्दांची वाक्यं बोलत होती. केस अजून जावळासारखे मऊ होते. मेंदूलहरींचा आलेखही दोन वर्षांच्या मुलीसारखाच होता. याआधी पाहिलेल्या डॉक्टरांनी यातलं एकेक लक्षण धरून वेगवेगळी निदानं केली होती. एकानं ग्रंथीचा दोष सांगितला होता, दुसऱ्यानं मतिमंदत्व. तिसऱ्यानं ही मुलगी पाच वर्षांच्या बुद्धीवर कायमची थांबेल असं भाकीत केलं होतं.

“यात विचित्र काय आहे सांगू?” रेश्मा म्हणाल्या. “आजारात कधीच सगळं सारखं मागे पडत नाही. कुठे हाडं मागे राहतात, कुठे बोलणं. इथे सगळंच मागे आहे आणि सगळं नेमकं निम्म्यावर आहे. शिरीष, एखाद्या घरातली दहा घड्याळं दहा निरनिराळ्या वेळा दाखवत असतील तर आपण काय म्हणतो?”

“बिघडलीत म्हणतो.”

“आणि दहाही एकच वेळ दाखवत असतील तर?”

“तर त्या घरात तेवढेच वाजलेत.”

*

जनुकांची तपासणी पूर्ण झाल्यावर रेश्मांचा तर्क खरा ठरला. केंद्राच्या साप्ताहिक बैठकीत त्यांनी तो सहकाऱ्यांपुढे मांडला.

“उंदराच्या आणि माणसाच्या गर्भात पाठीचे मणके आखणारी जनुकं जवळजवळ सारखीच आहेत,” त्या म्हणाल्या. “पण एका मणक्याची आखणी व्हायला उंदरात दोन तास लागतात आणि माणसात पाच. पाककृती एकच, पण आच वेगळी. उंदराच्या पेशी प्रथिनं झटपट बनवतात आणि झटपट मोडतात. माणसाच्या पेशी तेच काम सावकाश करतात. प्रत्येक प्राण्याच्या पेशींना अशी स्वतःची एक गती असते. तिला आपण विकासलय म्हणू.”

“आणि या मुलीची लय मंद झाली आहे?” कुणीतरी विचारलं.

“निम्म्यावर आली आहे. प्रथिनं मोडण्याचं काम सांभाळणारं एक जनुक आहे. ते जन्मानंतर जागं होतं, म्हणून गरोदरपण नेहमीसारखं नऊ महिन्यांचंच झालं. तिला आईकडून आणि वडिलांकडून त्याची एकेक सदोष प्रत मिळाली आहे. एकच प्रत सदोष असती तर काही झालं नसतं. दोन्ही सदोष आहेत.”

“म्हणजे ही मतिमंद नाही?” शिरीषनी विचारलं.

“तिच्यात काहीही कमी नाही. फक्त अजून व्हायचं आहे.”

या अवस्थेला त्यांनी नाव दिलं ‘विलंबित लक्षणसमूह’. पुढच्या दोन वर्षांत जगभरातून अशी वीस-पंचवीस मुलं सापडली.

*

कार्तिकीचे वडील अभिनंदन चौगुले तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शीतगृहात तंत्रज्ञ होते. आई स्नेहल महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नोकरीला होती. चार वर्षं दवाखान्यांचे उंबरे झिजवून दोघंही थकली होती. रेश्मांनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा अभिनंदननी पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, ही शाळेत जाईल?”

“जाईल. तुमच्या कॅलेंडरप्रमाणे बाराव्या वर्षी पहिलीत बसेल.”

“दहावी होईल?”

“का नाही होणार? पण तिशी उजाडेल.”

कार्तिकी स्नेहलच्या मांडीवर बसून तिच्या ओढणीचं टोक चोखत होती. मग स्नेहलनं मनातल्या मनात काहीतरी मांडलं आणि विचारलं, “म्हणजे ही अठरा वर्षांची होईल तेव्हा छत्तीस वर्षं झालेली असतील. मी तेव्हा बासष्टची असेन. बरोबर?”

“बरोबर.”

“बासष्ट म्हणजे काही फार नाही,” स्नेहल म्हणाली. “पण तब्येत सांभाळायला पाहिजे. अहो, तुमची तंबाखू आजपासून बंद.”

रेश्मांनी आपल्या कारकिर्दीत शेकडो आईबापांना वाईट बातम्या सांगितल्या होत्या. कुणी रडायचं, कुणी भांडायचं, कुणी देवाला बोल लावायचं. बातमी ऐकल्याबरोबर नवऱ्याची तंबाखू सोडवणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. दुसऱ्या दिवसापासून स्नेहल पहाटे गणेश तलावाभोवती चालायला जाऊ लागली. कुणी विचारलं तर सांगायची, “मला लांब जायचंय.”

*

कार्तिकी सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्याबरोबर जन्मलेली गल्लीतली मुलं दप्तरं घेऊन शाळेला निघाली आणि ती दारात उभी राहून त्यांना हात हलवत राहिली. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा त्या मुलांची धाकटी भावंडं तिच्याशी खेळू लागली. मग तीही मोठी झाली आणि नवी लहान मुलं आली. प्रत्येक वेळी खेळगडी तिला मागे टाकून जायचे. त्या दिवसांत ती संध्याकाळी पायरीवर बसून रडायची आणि स्नेहल तिच्या शेजारी बसायची. “ती गेली, आता दुसरी येतील,” एवढंच म्हणायची. आणि खरंच दुसरी यायची.

शाळेनं तिला प्रत्येक इयत्तेत दोन वर्षं बसू द्यायचं कबूल केलं. मतदार यादीत तिचं नाव आलं तेव्हा ती चौथीत होती. निवडणूक कर्मचाऱ्यानं ओळखपत्रावरची जन्मतारीख पाहिली, मग समोरची दोन वेण्यांची मुलगी पाहिली आणि वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनाही काही सुचेना. शेवटी कार्तिकीच म्हणाली, “काका, मला अजून कळत नाही कुणाला द्यायचं ते. मी पुढच्या वेळी येते.”

पण सगळ्यात आधी रेश्मांच्या लक्षात आली ती तिची भाषा. घरात मराठी होती. शेजारच्या घरात कानडी, पलीकडच्या गल्लीत दख्खनी उर्दू. वरच्या मजल्यावर केरळच्या दोन परिचारिका भाड्यानं राहत होत्या. कार्तिकी चौघांशी चार भाषांत बोलायची आणि प्रत्येकाला वाटायचं, ही आपल्याच घरातली आहे.

“यात जादू नाही,” रेश्मांनी शिरीषना सांगितलं. “लहान मुलाच्या मेंदूत भाषा आपोआप रुजण्याचा एक काळ असतो. त्याला आपण ग्रहणकाळ म्हणतो. वाढ होत जाते तसा तो मिटत जातो. मुलांना तो सात-आठ वर्षं मिळतो. हिला त्याच्या दुप्पट मिळतोय.”

*

कार्तिकी बारा वर्षांची होऊन पहिलीत जाऊ लागली, त्याच वर्षी शिरीषचं औषध तयार झालं. आठ वर्षं त्यांनी त्यासाठी घातली होती. लयवर्धक असं त्याचं नाव. महिन्यातून एकदा सलाइनमधून द्यायचं. पेशींची प्रथिनं मोडण्याची गती ते माणसाच्या नेहमीच्या गतीवर आणून ठेवत असे. मागे राहिलेलं भरून काढत नसे, पण तिथून पुढची वाढ इतरांसारखी होई. फक्त एकदा वर्षभर घेतलं की लय कायमची बदलायची आणि ती परत मंद करता येत नव्हती.

विलंबित मुलांपैकी बहुतेकांच्या आईवडिलांनी ते घेतलं. ती मुलं चांगली वाढू लागली. कुणालाही अपाय झाला नाही.

रेश्मांनी चौगुल्यांना काही सुचवण्याआधी एक दिवस थांबायचं ठरवलं, तेव्हा शिरीष चिडले. “मॅडम, औषध समोर असताना थांबायचं कशासाठी? हा आजार आहे.”

“एक रुग्ण सांगते, निदान करा,” रेश्मा म्हणाल्या. “जन्मताना कवटीची हाडं जुळलेली नाहीत. अंगावर केस जवळपास नाहीत. चेहरा चपटा, जबडा लहान, कपाळ पुढे आलेलं. आईला बिलगून लटकण्याएवढीही ताकद नाही. वर्षभर चालत नाही. पहिली कायमची दाढ तिसऱ्या वर्षी यायला हवी, ती सहाव्या वर्षी आली. वयात यायलाही तसाच उशीर.”

“हे तर कार्तिकीपेक्षा गंभीर आहे. लगेच औषध सुरू करा.”

“रुग्णाचं नाव शिरीष नाडगौडा. निदान करणारी डॉक्टर चिंपांझी आहे.”

शिरीष हसले. पण ते हरणाऱ्यातले नव्हते. “मान्य. माणूस हे सावकाश वाढणारं माकड आहे आणि त्या सावकाशीतच त्याचा मेंदू घडला. पण मॅडम, मी माणसांच्या गावात वाढलो. चिंपांझींच्या कळपात एकच माणसाचं पोर वाढत असतं, तर त्याचे हाल झाले असते. कार्तिकी एकटी आहे.”

रेश्मांनी चौगुले पतिपत्नींना बोलावून दोन्ही बाजू जशाच्या तशा सांगितल्या, शिरीषच्या समोरच.

“घ्यायचं,” अभिनंदन लगेच म्हणाले. “मॅडम, रात्र रात्र मला झोप नाही. आम्ही गेल्यावर हिचं काय? भाऊ नाही, बहीण नाही. मला तिला उभी राहिलेली बघायचंय.”

स्नेहलनं नवऱ्याचा हात धरला. “हिला काही दुखतं का?”

“नाही.”

“ताप येतो? चक्कर येते? रात्री झोपत नाही?”

“तसं काही नाही,” रेश्मा म्हणाल्या.

“मग त्रास आपल्याला होतोय, अहो. तिला नाही. आपल्याला घाई आहे म्हणून तिला औषध द्यायचं? आणि तेही परत मागे फिरता येणार नाही असं?” मग ती रेश्मांकडे वळली. “मॅडम, हे औषध मोठेपणी चालतं का?”

“चालतं. लय आयुष्यभर सुरूच असते.”

“तर मग मी तिला विचारीन. तिला नीट कळायला लागलं की विचारीन. आज विचारलं तर ती म्हणेल, चॉकलेट देणार असाल तर टोचा.”

“स्नेहल, तोवर मी राहीन का?” अभिनंदन म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो प्रश्न खोलीत कुणालाच सोसवेना.

आईवडील दोघांची संमती असल्याखेरीज औषध देता येत नव्हतं. ते दिलं गेलं नाही. कितीतरी दिवस अभिनंदन घरात कुणाशी धड बोलत नव्हते. मग एका सकाळी स्नेहल तलावाकडे निघाली तेव्हा तेही चपला घालून बाहेर आले. काही न बोलता तिच्याबरोबर चालू लागले. तिथून पुढे रोज.

*

कार्तिकी अठ्ठावीस वर्षांची असताना अभिनंदन गेले. हृदयाचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कार्तिकीचं शरीर आणि मन तेव्हा चौदा वर्षांचं होतं. ती नववीत होती. लयवर्धक घेतलेली तिच्याच वयाची मुलं एव्हाना नोकऱ्या करू लागली होती.

दिवसकार्य झाल्यावर स्नेहल केंद्रात आली. रेश्मांच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

“मॅडम, त्यांना तिला उभी राहिलेली बघायचं होतं,” ती म्हणाली. “माझ्यामुळं राहिलं. चुकलं का माझं?”

रेश्मांना खोटा दिलासा देता आला असता. त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही, स्नेहल. पण तुमच्या जागी मी असते तर मला हे जमलं नसतं. मी औषध दिलं असतं, आणि मुलीसाठी दिलं असं स्वतःला सांगितलं असतं.”

स्नेहलनं डोळे पुसले. “चला, शाळा सुटायची वेळ झाली,” म्हणून ती उठली.

मुलगी आणि आई अशा दोघीच राहिल्या. स्नेहल साठीला निवृत्त झाली, पण तिच्या दिनक्रमात खंड पडला नाही. तपासण्या वेळेवर, जेवण मोजकं, चालणं रोजचं. तिच्या वयाच्या बायका नातवंडांच्या गोष्टी बोलायच्या, तेव्हा ती मुलीच्या बारावीच्या अभ्यासाच्या गोष्टी सांगायची आणि त्यात तिला काही वेगळं वाटायचं नाही. रेश्मा निवृत्त झाल्यावरही चौगुल्यांच्या घरी जात राहिल्या. कार्तिकी त्यांना डॉक्टरमावशी म्हणायची. ती आता उंच, मोकळी, पटकन हसणारी मुलगी झाली होती. पंधरा-सोळा भाषा तिच्या जिभेवर बसल्या होत्या. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातून, गोव्यातून, तेलंगणातून रुग्ण येत. भाषांतर करणारी यंत्रं प्रत्येक खाटेशी होती. पण घाबरलेल्या माणसाला बोलायला माणूस लागतं. कार्तिकी लहान मुलांच्या विभागात दुभाषी म्हणून काम करू लागली. ज्या मुलाला घरच्यांखेरीज कुणाचं बोलणं कळत नव्हतं, त्याच्या उशाशी बसून ती त्याच्याच गावच्या बोलीत त्याला ऑपरेशन म्हणजे काय ते सांगायची.

आणि मग एक गोष्ट घडली. ती खरं तर पहिल्या दिवसापासून त्या मनगटाच्या एक्स-रेत दिसत होती, पण तिकडे कुणी बघितलं नव्हतं.

कार्तिकीनं चाळिशी ओलांडली आणि ती विशीची दिसत होती. दिसत होती एवढंच नव्हे, होती. तिच्या रक्तवाहिन्या विशीतल्या होत्या, सांधे विशीतले होते. लय मंद असेल तर बालपण लांबतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण मग तारुण्यही लांबतं. म्हातारपणही तितक्याच सावकाश येतं. शिरीषनी हिशेब मांडला. कार्तिकी दीडशे वर्षं सहज जगली असती.

लयवर्धक न घेतलेली विलंबित माणसं जगात आता जेमतेम तीन उरली होती. केंद्राकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला. पूर्वी आईबाप विचारायचे, हा आजार बरा होईल का? आता धडधाकट माणसं विचारू लागली, हा आजार आम्हाला होईल का? परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं लयमंदक बनवायला घेतलं. जन्मायच्या बाळात हा दोष मुद्दाम घालून मागणारी जोडपी पुढे आली. ज्या नीतिसमितीनं एके काळी लयवर्धक न देणं ही हयगय ठरवली होती, तिनंच आता नवा नियम केला. लयवर्धक दिल्यानं आयुष्य निम्मं होतं, म्हणून सबळ कारणाखेरीज ते देऊ नये.

“तुमची ती चिंपांझी डॉक्टर आता रांगेत उभी आहे,” शिरीष रेश्मांना फोनवर म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा होती, थोडा खेदही होता.

*

कार्तिकी चव्वेचाळीस वर्षांची होती, म्हणजे बावीस. तिनं श्रेणिक उपाध्ये नावाच्या मुलाशी लग्न केलं. तो तिच्याच दवाखान्यात भौतिकोपचार करायचा आणि कॅलेंडरनं तिच्याहून वीस वर्षांनी लहान होता. लग्नाला वर्ष झालं तेव्हा तिनं शिरीषची भेट मागितली. रेश्मांनीही यावं असा तिचा आग्रह होता. स्नेहल बरोबर होतीच.

शिरीषचे केस पूर्ण पांढरे झाले होते. ते केंद्राचे सल्लागार होते. समोर बसलेली कार्तिकी त्यांना नातीसारखी वाटली.

“सर, मला लयवर्धक हवंय,” ती म्हणाली.

शिरीषना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “लयवर्धक? आता? अगं, जेव्हा त्याचा उपयोग होता तेव्हा घेतलं नाहीस. कठीण ते सगळं संपलं. आता कुठे तुला त्याचं फळ मिळायला लागलंय. किती वर्षं टाकून देतेयस माहीत आहे का? निदान पन्नास.”

“माहीत आहे. आम्हाला मूल हवंय, सर.”

“त्याला औषधाची काही गरज नाही. तुझं शरीर उत्तम आहे.”

“त्याची लय कोणती असेल?”

उत्तर रेश्मांनी दिलं. “श्रेणिकच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. आपण तपासल्यात. बाळाला तुझ्याकडून एक सदोष प्रत मिळेल, त्याच्याकडून एक चांगली. बाळ सगळ्यांच्या लयीनं वाढेल.”

“तेच,” कार्तिकी म्हणाली. “मी मांडून बघितलं, डॉक्टरमावशी. ते शेहेचाळीस वर्षांचं होईल तेव्हा माझं शरीरही तेवढंच असेल. त्या दिवशी आम्ही एका वयाचे. तिथून ते माझ्यापुढे जाईल. त्याचे गुडघे माझ्याआधी दुखतील. ते ऐंशी वर्षांचं होऊन अंथरुणाला खिळेल तेव्हा मी साठीची असेन आणि त्याला चमच्यानं भरवत असेन. मग ते जाईल आणि माझी पंचवीस-तीस वर्षं उरलेली असतील. लहानपणी प्रत्येक खेळगडी मला टाकून पुढे गेला. ते मी सोसलं. आपलं मूल तसं पुढे गेलेलं मला नाही सोसायचं.”

मग शिरीष सावकाश म्हणाले, “दुसराही मार्ग आहे. बाळातच तो बदल करता येईल. त्याची लय तुझ्यासारखीच होईल. त्याच्यासाठी लोक जगभरातून विचारणा करतायत, कार्तिकी. तुझ्या बाळाला आपण पहिलं घेऊ.”

“त्याला विचारून?” कार्तिकीनं विचारलं.

शिरीषनी चष्मा काढून पुसायला घेतला.

रेश्मांचं लक्ष मात्र स्नेहलकडे होतं. सत्तरी ओलांडलेली ती बाई खुर्चीत ताठ बसली होती. हिनं नवऱ्याचा राग सोसला, त्याच्या मरणाचा सल सोसला, लोकांची बोलणी ऐकली. तेहतीस वर्षांपूर्वी हेच औषध तिनं याच इमारतीत नाकारलं होतं, आणि आज मुलगी तेच मागत होती. ही आता मोडून पडेल अशी भीती रेश्मांना वाटली.

“स्नेहल,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय?” स्नेहल म्हणाली. “मी तिला विचारायचं म्हणून थांबले होते. तिनं सांगितलं. अमुकच सांगावं म्हणून थोडीच थांबले होते?”

नीतिसमितीला सबळ कारण हवं होतं. शिरीषनी कागद पुढे ओढला आणि कारणाच्या जागी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘मूल’. मग त्यांनी श्रेणिकला आणि कार्तिकीला औषधाचं वेळापत्रक समजावलं. वर्षभर सलाइन, लय स्थिर झाली की बाळाचा विचार. सगळं ठीक झालं तर दोन वर्षांत घरात पाळणा हलेल.

“आणि पाळण्यातून उतरून चालायला कधी लागेल?” स्नेहलनं मधेच विचारलं.

“पुढे वर्षभरात,” शिरीष म्हणाले.

“वर्षभरात?”

“सगळी मुलं वर्षभरातच चालतात, आई,” कार्तिकी हसत म्हणाली.

“हो की. विसरलेच मी.” स्नेहल स्वतःशीच नवल करत राहिली. “आणि बोलायला?”

“दोन वर्षांचं झालं की छोटी छोटी वाक्यं बोलेल,” रेश्मा म्हणाल्या. “सहाव्या वर्षी पहिलीत.”

“अगं बाई! एवढ्या भराभर? मग बघायचं तरी कसं माणसानं? जरा पापणी लवली की दात आलेले असायचे.” तिनं पर्स उघडून मोबाइल बाहेर काढला आणि डोळ्यांजवळ धरून नंबर शोधू लागली. “डोळ्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करू म्हणून सांगितलं होतं. त्यांना म्हणते, याच महिन्यात उरकून टाका.”